दोन फळ्यांची तुळई

सुतळीच्या मावशीचा आवाज असा, की ती दुकानात बसून "निळा दोरा संपला गं" म्हणाली, की पलीकडच्या गल्लीतला दोरेवाला तिथूनच विचारायचा, "गडद की फिका?" त्यामुळे "आमच्या पोरीनं पोटमाळा केला, स्वतः गणित मांडून!" ही बातमी सांगायला तिला उंबरठा ओलांडावा लागला नाही. मशीनवरून मान वर केली आणि म्हणाली, बस्स. संध्याकाळपर्यंत अर्ध्या शहराला कळलं होतं.

सुतळी म्हणजे तिची भाची. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. अंगानं इतकी बारीक, की वाऱ्याच्या दिवशी मावशी तिच्या पिशवीत कापडाची मोठी कात्री टाकून कॉलेजला धाडायची, असं शेजारी सांगतात. शेजाऱ्यांचं सगळंच खरं धरू नये. पण कात्री मोठी होती.

शिलाईचं ते दुकान बोळकांडीसारखं अरुंद, छत मात्र उंच. शाळेच्या गणवेशांचे तागे येऊ लागले की माणसांना पाय ठेवायला जागा उरायची नाही. गिऱ्हाईक तागे ओलांडत आत यायचं आणि माप देईपर्यंत दमून जायचं. म्हणून पोटमाळा. त्याला पुढून आधार म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तुळई टाकली, आणि ती नेमकी मावशीच्या मशीनच्या वर आली. हवी तेवढ्या जाडीची एकसंध तुळई कुठे मिळेना, तेव्हा सुतळीनं दोन जाड फळ्या एकावर एक ठेवून सरसानं चिकटवल्या.

हा सरस तिनं अगदी पुस्तकाला धरून लावला होता. तुळई वाकते तेव्हा वरचं लाकूड दाबलं जातं, खालचं ताणलं जातं, आणि बरोबर मध्ये, जिथे तिचा सांधा होता, तिथे ना दाब ना ताण. शून्य. शिवाय वाकवणारा जोर तुळईच्या लांबीत मधोमध सगळ्यात जास्त आणि टोकांशी नाहीच. मग काय! मधल्या भागात तिनं सरस थापला, आणि टोकांकडे जाता जाता नुसती बोटं पुसली.

"टोकांना का गं कंजुषी?" मावशीनं विचारलं होतं.

"मावशी, तिथे शून्य आहे. शून्याला कशाला सरस खाऊ घालायचा?"

मावशीला हे वाक्य इतकं आवडलं की आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. वर पदरचं जोडायची, "उद्या हत्ती आणून बसवा म्हणते, आमची पोरगी!" पोरगी हत्तीबद्दल अक्षर बोलली नव्हती. पण तिनं नाहीही म्हटलं नाही, आणि गालातल्या गालात हसत राहिली.

ज्या सकाळी गणवेशाचा माल यायचा होता, त्याच सकाळी वर्गात सरांनी नवा धडा काढला. हे सर इतकं हळू बोलायचे की ऐकण्यासाठी मुलं श्वास रोखून धरायची आणि तासाला दोघंतिघं तरी लालबुंद होऊन बाहेर पडायची. त्यांनी पिशवीतून दोन जाड रबरी पट्ट्या काढल्या, एकावर एक ठेवल्या, टोकांना आधार दिला आणि मधोमध बोट दाबलं.

"काय दिसतं?"

"वाकल्या, सर."

"ते झालंच. टोकाशी बघा."

टोकाशी वरची पट्टी खालचीच्या पुढे डोकावत होती.

"वरच्या पट्टीचं पोट ताणलं जातंय, खालचीची पाठ आखडतेय. एकमेकींवरून सरकतायत," सर म्हणाले. "चिकटवल्या असत्या तर सरकल्या नसत्या. पण सरकायची ओढ राहिलीच असती, आणि ती सांध्यानं सोसली असती. हा शिअर."

सुतळीचा हात वर गेला. "पण सर, मध्ये तर शून्य असतं ना?"

"ताण आणि दाब शून्य. शिअर मध्येच सगळ्यात जास्त. वरच्या आणि खालच्या कडेला तो शून्य."

"आणि लांबीत, सर?"

"वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर टोकांशी, आधाराजवळ सगळ्यात जास्त. तुमचा वाकवणारा जोर जिथे नसतो तिथे."

सुतळी उभी राहिली. पिशवी उचलली.

"कुठे निघालीस? गणित अजून मांडलं नाही."

"सर, मावशी खाली बसलीय," ती म्हणाली आणि दाराबाहेर गेली. सरांना काही उमगलं नाही. वर्ग मात्र त्या निमित्तानं श्वास घेऊ शकला.

दुकानात पोहोचली तेव्हा तागे वर चढलेले होते. खाली मावशी मशीन चालवत होती, समोर शाळेच्या हेडबाई बसलेल्या. सुतळी थेट भिंतीकडे गेली, स्टुलावर चढली. तुळई बसवताना तिनं टोकाशी दोन्ही फळ्यांवरून खडूनं एक उभी रेघ ओढली होती, सरळ बसली की नाही बघायला. आता त्या रेघेचे दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा भिंतीकडे सरकला होता, नखाच्या जाडीइतका.

"मावशी, ऊठ तिथून."

"बाही लावतेय. काय झालं?"

"ऊठ म्हणते ना!"

"अगं, हेडबाई बसल्यात!"

"त्यांनाही उठव."

हेडबाई अनुभवी. कारण न विचारता त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मावशी मात्र हलेना. "तूच म्हणालीस ना, काही होत नाही म्हणून? सगळ्यांना सांगून बसलेय मी. आता माल खाली उतरवला तर माझं तोंड कुठे लपवू?"

सुतळी स्टुलावरून उतरली, कटिंगच्या टेबलावरचं गडद कापड तिनं ओढलं आणि मावशीच्याच खडूनं त्यावर मांडायला लागली. टोकाशी येणारं बळ. त्याला गुणायचं सांध्याच्या वरच्या फळीच्या क्षेत्रफळानं, आणि त्या फळीचा मध्य सांध्यापासून जितका दूर, तितक्यानं. मग भागायचं अख्ख्या तुळईच्या जडत्वाघूर्णानं, म्हणजे ती वाकायला किती विरोध करते त्या आकड्यानं. आणि शेवटी भागायचं सांध्याच्या रुंदीनं. इथे खडू थांबला.

"काय झालं? हातचा विसरलीस?" मावशी म्हणाली, पण आवाज दुकानाबाहेर गेला नाही.

"कुठल्या रुंदीनं भागू? फळी तळहाताएवढी रुंद आहे, पण टोकाशी सरस लागलाय बोटभर. कुठे तेवढाही नाही. जितकी रुंदी कमी, तितका सांध्यावर भार जास्त. आणि सुटत सुटत आत चाललाय तो."

"म्हणजे? पडेल?"

सुतळीला 'नाही पडणार' म्हणता आलं असतं. मावशीनं ते मानलंही असतं, हेडबाईंना परत आत बोलावलं असतं. आणि कदाचित ते खरंही ठरलं असतं. सांधा सुटला तरी दोन सुट्या फळ्या काही वजन पेलतातच. ताकद निम्मी होते, बाक चौपट येतो. पण निम्म्यावर हा माल राहील का, हे तिनं कधी मोजलंच नव्हतं.

"माहीत नाही, मावशी. मी हा धडा शिकायच्या आधीच तुळई केली. मला वाटलं होतं की मला सगळं येतं."

मावशीनं सुई वर घेतली. बाही अर्धवट लोंबत होती.

"एवढंच आधी सांगायचं नाही का?" ती उठत म्हणाली. "हत्ती बसेल म्हटलं की मी बसून राहणार. माहीत नाही म्हटलं की मी उठणार. मला काय कळतंय त्यातलं? मी तुझ्या तोंडाकडे बघून बसते तिथे."

दोघींनी माल उतरवला. हेडबाईंनी बाहेरूनच विचारलं, "काय हो, पोटमाळा खचला का?" मावशीनं सगळ्या शहराला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या पोरीचं गणित चुकलं होतं! तिनंच पकडलं!" सुतळीचे कान तापले. पण मावशीच्या आवाजातली ऐट तसूभरही कमी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुतळीनं सरांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी स्वतः वर्गात उरलेलं गणित मांडून घेतलं, तिच्याच तुळईचं. मग दुकानात सुतळीनं दोन्ही फळ्या खालून टेकू देऊन सरळ केल्या आणि आरपार बोल्ट बसवले: टोकांशी दाटीनं, मधे येता येता विरळ.

"मधे इतके कमी?" मावशीनं विचारलं.

"तिथे ओढ कमी असते. आकडा दाखवू?"

"नको. तू बस खाली, मी चढवते."

सुतळी मशीनसमोरच्या खुर्चीत बसली. ही खुर्ची तिच्या मापाची नव्हतीच. पाय जमिनीला टेकेनात. वर एकेक तागा धप्पकन पडत होता, आणि दर धपक्याला तिचे खांदे आक्रसत होते. ती तुळईच्या मधोमध बघत नव्हती. टोकाशी नवी खडूची रेघ होती, तिच्यावर डोळे लावून बसली होती. शेवटचा तागा पडला. रेघ अखंड होती. ती तरीही बसून राहिली, बराच वेळ.

मावशी शिडीवरून उतरली, पदरानं कपाळ पुसलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं का बघून?"

"झालं."

"मग ऊठ. बाही राहिलीय माझी."