वाढवलेली बाही

बुधवारी दुपारी छबूबाईनं पंकजाच्या निळ्या ड्रेसच्या दोन्ही बाह्या वाढवल्या. दोन्ही अशासाठी की एकच वाढवली तर लोक विचारतात. जुन्या कपड्यातला त्याच रंगाचा तुकडा जोडला, आणि डाव्या बाहीचं तोंड मनगटाच्या पुढं मुद्दाम अरुंद ठेवलं, म्हणजे बाही वर सरकू नये. त्यावर दुहेरी टाका घातला.

"माय, परीक्षा टायपिंगची हाय," पंकजा म्हणाली. "एवढी लांब बाही कशाला?"

"पयली नजर पडती ती पडती. पुढचं पुढं बघू."

पंकजाच्या डाव्या हाताला अंगठा आणि तर्जनी एवढंच आहे. बाकीची तीन बोटं ती सात वर्षांची असताना कडबा कुट्टीच्या यंत्रात गेली. यंत्राला कडबा लावत होती छबूबाई. पोरगी मागून कधी आली, तिला कळलंच नाही. या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. घरात यावरून कुणी छबूबाईला एका शब्दानं बोललं नाही, त्यामुळं तिला कधी भांडून मोकळंही होता आलं नाही.

पंकजाला बघायला तीनदा पाहुणे वालूरला येऊन गेले होते. तिन्ही वेळा छबूबाईनं शिकवून ठेवलं होतं. चहाचा ट्रे उजव्या हातानं धरायचा, डावा खालून लावायचा, टॉवेलच्या आड. बसल्यावर हात ओढणीत. चुकून बाहेर आलाच, तर छबूबाई दारातून स्वतःच्या पदराचं टोक चिमटीत धरायची. ती खूण. पोरीचा हात लगेच आत जायचा. तिसऱ्या वेळी पाहुण्यांतली एक म्हातारी नारळ घेऊन उठली आणि म्हणाली, "ओटी धर पोरी, दोनी हातानं." पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले.

आता येलदरीकडचं एक स्थळ आलं होतं. बिजवर, चाळिशी ओलांडलेला. हाताचं त्याला काही नव्हतं. पंकजानं बापाकडून, रामहरीकडून, महिनाभराची मुदत मागून घेतली होती. नोकरी लागली तर ते स्थळ नको. नाही लागली तर ती हो म्हणणार होती. त्यातले चोवीस दिवस संपले होते.

नोकरीची गोष्ट आणली मंजुषा मॅडमनी. त्या परभणीच्या रोजगार कार्यालयातल्या. ग्रामपंचायतीत शिबिर लावून त्यांनी पंकजाचं नाव नोंदवलं, सेलूच्या कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट पाहिलं, तिथंच लॅपटॉपवर तिला चार ओळी टाइप करायला लावल्या. मग फोन आला. दिव्यांगांसाठी मेळावा आहे, एका बियाणे केंद्राला नोंदी करायला माणूस हवा आहे, गुरुवारी दहाला या. छबूबाईला त्यातलं एवढंच कळलं की परक्या माणसांपुढं पोरीला बसवायचंय. त्याची तयारी तिला येत होती.

गुरुवारी परभणीच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर त्यांच्या शेजारी पालमचा चंद्रभान बसला होता. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. वजनकाट्यावरच्या कामासाठी तो आला होता. त्यानं आधी बाहीकडं बघितलं, मग छबूबाईकडं.

"मावशी, पोरीचं काय हाय?"

"काय न्हाई. जरासं बोटाला."

"जरासं?" चंद्रभान हसला. "इथं जरासं चालत न्हाई. इथं लपवायला आलेल्या तुमीच पयल्या. आमी पाय दाखवून दाखवून परेशान झालो."

पंकजा ओठ दाबून हसली. छबूबाईनं तोंड फिरवलं.

पंकजाचं नाव पुकारलं. आत टेबलापलीकडं बियाणे केंद्राचे दत्तराव होते, बाजूला मंजुषा मॅडम. दार उघडंच होतं; छबूबाई चौकटीला उभी राहिली. शेतकऱ्यांची पंचवीस नावं, प्रत्येकापुढं गाव आणि गट नंबर, एवढं कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत भरायचं होतं.

क्लासमध्ये पंकजा दोन्ही हातांनी टाइप करायची. डाव्या हाताची दोन बोटं कीबोर्डची डावी बाजू सांभाळायची. आता तिनं उजव्या हातानं डावी बाही मागं ओढली. बाही सरकेना. पुन्हा ओढली. मग तिनं दाराकडं पाहिलं, आणि परक्या माणसांपुढं तो हात वर आलेला बघून छबूबाईनं पदराचं टोक चिमटीत धरलं.

पंकजाचा हात मांडीवर गेला. पुढची सगळी मिनिटं ती एकाच हातानं टाइप करत राहिली.

"चौदा," दत्तराव म्हणाले. "चूक एकही नाही. पण मॅडम, हंगामात आमच्याकडं रांग लागते. एवढ्या वेगात भागत नाही."

"शिबिरात हिचा वेग जास्त होता," मंजुषा मॅडम म्हणाल्या. "पंकजा, काय झालं?"

पंकजानं मांडीवरच्या डाव्या हातावर उजवा हात ठेवला. आईचं नाव ती सांगणार नव्हती. घरात इतकी वर्षं कुणीच सांगितलं नव्हतं.

दत्तरावांनी पंकजाचा कागद नाकारलेल्या अर्जांना टाचणीनं लावला. ती लागताना बघून छबूबाई आत आली.

"सायेब, ती माज्यामुळं थांबली. मी खूण केली."

"कसली खूण?"

छबूबाईनं पदराचं टोक धरून दाखवलं. "हात झाक म्हणायची. पाव्हणे आले की करते. आज बी केली. सवय."

खोलीत कुणी हसलं नाही. मंजुषा मॅडमनी दत्तरावांकडं पाहिलं. त्यांनी टाचणी काढली.

"दुसरी यादी देतो," ते म्हणाले. "तीच दिली तर पाठ झाली म्हणतील."

"बाही वर जात न्हाई," पंकजा हळूच म्हणाली.

कात्री शोधायला कोपऱ्यातला शिपाई उठला, तोवर छबूबाई पोरीच्या खुर्चीशी खाली बसली होती. तिनं तो हात आपल्या मांडीवर घेतला. रात्री पोरगी झोपल्यावर तिनं तो कितीदा धरला असेल; चारचौघांत आजच. तिनं टाका दाताखाली घेतला. तो तिचाच, दुहेरी, लवकर तुटेना. कापड ओलं झालं. तिसऱ्या हिसक्याला दोरा निघाला. तिनं बाही कोपरापर्यंत दुमडली, नीट, दोन घड्या घालून, पोरगी शाळेला जाताना ती घालून द्यायची तशी.

"कर," ती म्हणाली, आणि या वेळी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. कीबोर्डचा आवाज मात्र ऐकू येत होता. तो थांबला नाही.

"बावीस," दत्तराव म्हणाले. मग बोट ठेवलं. "हा गट नंबर चुकला. एकाचं बियाणं दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं."

"परत तपासायला वेळ पुरला न्हाई," पंकजा म्हणाली. "कामावर तपासायला मिळंल ना?"

"तपासल्याशिवाय सहीच होत नाही आमच्याकडं." त्यांनी कागद मंजुषा मॅडमकडं सरकवला. "सोमवारी नऊ वाजता या. तीन महिने काम बघू, मग कायम करू."

मॅडमनी तारीख लिहून दोघींना वाचून दाखवली.

बाहेर चंद्रभान अजून बसला होता. "काय झालं मावशी?"

"लागली," छबूबाई म्हणाली.

"मग एवढ्या गप काऊन? आन दाताला निळं काय लागलंय?"

बसस्टँडवर सेलूच्या गाडीला अर्धा तास होता. पंकजा चहा आणायला गेली आणि दोन्ही हातांत एकेक कप घेऊन गर्दीतून परत आली. बाही अजून दुमडलेलीच होती. डाव्या हातातला कप तिनं अंगठा आणि तर्जनीत काठाला धरला होता. समोरच्या बाकावरच्या दोन बाया बघायला लागल्या.

छबूबाईचा हात पदराच्या टोकाकडं गेला. पंकजानं ते बघितलं आणि कप तसाच पुढं धरून उभी राहिली.

छबूबाईनं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि दात पुसला.

"दोरा अडकलाय मेला," ती म्हणाली. "आण इकडं चहा."