काकूंच्या हाताला पाणी कळेना

मित्रांनो, मी एक जुनं बेसिन आहे; पण तोंड धुण्याचं नव्हे हं! खुर्चीत मागे रेलायचं, माझ्या काठावरच्या खोलगट जागेत मान टाकायची आणि केस धुऊन घ्यायचे. एका मोठ्या पार्लरात माझा काय तोरा होता! पुढे काठाचा टवका उडाला आणि माझी रवानगी या शिकवणाऱ्या संस्थेत झाली.

इथे नाना तऱ्हेची माणसं येतात. कुणाला तीन महिन्यांत नुसता मेकअप शिकायचा असतो, कुणाला फक्त नखांचं काम. कुणी पार्लरात हाताखाली राहून सगळं शिकलेलं असतं, त्याला हवं असतं ते सर्टिफिकेट. वर्षभराचा पूर्ण कोर्स करणारे मात्र केस, त्वचा, नखं सगळं शिकतात, आणि त्यांची सुरुवात माझ्यापासून होते.

काकू त्या पूर्ण कोर्सला आल्या. वयाने मोठ्या, म्हणून सगळ्या जणी त्यांना काकूच म्हणायच्या. इतकी वर्षं त्यांनी एका खाणावळीत कढत पाण्यात भांडी घासली होती. आता स्वतःचं पार्लर काढायचं, हे एकच वेड. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गातल्याच एका चष्मेवालीचे केस धुवायला घेतले. पाणी हातावर घेतलं, कोमट वाटलं, डोक्यावर सोडलं आणि चष्मेवाली किंचाळत उठली. काकूंच्या हातांना गरम कळतच नव्हतं!

शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की मेकअपचा छोटा कोर्स करा, त्यात पाण्याची भानगड नाही. काकूंचा चेहरा एवढासा झाला. जिला केस धुता येत नाहीत, ती पार्लर काय चालवणार? त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण मग माझंच डोकं धुवायचं. नाही जमलं तर छोटा कोर्स.

आणि गंमत बघा, सरावाला डोकं दिलं ते त्याच चष्मेवालीने. वर्ग सुटला की ती रोज निमूट माझ्यावर मान टाकायची.

ठरल्या दिवशी मॅडम चपला काढून, डोळे मिटून पडल्या. काकूंनी मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी घेऊन पाहिलं, कसं वाटतंय तेही विचारलं. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी गार पाण्याचा नळ सोडला. माझा नळ जुनाट. तसं झालं की माझ्यात एकदम गरम पाणी येतं. कितीदा खडखड करून सांगितलं, पण लक्ष कोण देतो? काकूंची बोटं केसांतच होती. त्यांना काय कळणार! माझा जीव टांगणीला लागला.

पण मॅडम हूं की चूं करायच्या आत काकूंनी पाणी बाजूला घेतलं.

"मी तर काहीच बोलले नाही," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्या पायाची बोटं आखडली," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चष्मेवालीकडे पाहिलं. "हिचीही आखडायची. ओरडायच्या आधी."

मॅडम डोकं पुसत उठल्या. "पूर्ण कोर्सच करा तुम्ही. आता हिचा सराव. पडा तुम्ही."

काकू अवघडून टेकल्या. चष्मेवालीने पाणी सोडलं, कसं वाटतंय विचारलं. काकू हळूच म्हणाल्या, "आईनंतर माझे केस कुणी धुतलेच नाहीत गं." त्यांचे डोळे कितीतरी वेळ वाहत होते.

मित्रांनो, माझा नळ तेवढा दुरुस्त करून घ्या. विश्वासाने मान टाकणाऱ्याला भाजता कामा नये. आणि तुमच्या घरी दिवसभर दुसऱ्यांसाठी पाण्यात हात घालणारं कुणी असेल, तर त्यांना एकदा बसवा आणि त्यांचे केस तुम्ही धुवा.