तपासणीच्या खोलीबाहेरचा पिवळा पट्टा

जमिनीकडे बघा. तुमच्या चपलांच्या टोकाशी भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेला, चार बोटं रुंद पिवळा पट्टा दिसतो ना, तो मी. बोलावं की नाही, हे ठरवण्यातच माझी अकरा वर्षं गेली. आजही खात्री नाही. पण गप्प राहणंही आता जमत नाही.

माझा जन्म पाराग्वाय नदीकाठच्या एका सरकारी रुग्णालयात झाला, मुलांच्या विभागाच्या बोळात. फुटलेल्या नळासाठी फरशी कुठे उकरायची, याची खूण म्हणून एका प्लंबरने मला ओढलं. रंग शाळेच्या मैदानाचा, उरलेला. पुढे गळती भलतीकडेच सापडली. फरशी उकरली नाही, आणि मी राहून गेलो.

तिसऱ्या दिवशी तापलेल्या पोराचा हात धरून एक बाई आली. मला पाहून थबकली. तिच्यामागची थबकली, मग आणखी दोघी. नवीनच लागलेला पहारेकरी एलिहिओ ती शिस्त पाहून खूश झाला. "बरोबर! मोठ्यांनी इथेच थांबायचं, पोरांनी आत जायचं!" असा मी नियम झालो. तान्ह्यांना नर्स उचलून न्यायची, चालती पोरं आपली आपली जायची. हा नियम केला कोणी, मला सांगता येत नाही. मीच तर केला नाही ना, या शंकेने मला चैन पडत नाही.

आई-बापांचे पाय मला पाठ आहेत. दाराआडून रडणं आलं की चपलेतली बोटं मुडपतात. एक टाच वर उचलली जाते आणि परत टेकते. पुढे मात्र कोणी येत नाही. मी काय, नुसता रंग. पण माझ्यापाशी येऊन धिप्पाड माणसंही गरीब होतात.

गेल्या मार्चमध्ये देर्लिस आला. नदीवर बोट चालवणारा माणूस. सोबत सहा वर्षांची नोएमी. तिला फिट येतात.

"एलिहिओकाका, आज मी आत जाणार."

"या, बोटवाले साहेब! आधी तेरेरेचा गार चहा घे, बर्फ टाकलाय." एलिहिओने आपला पेला पुढे केला. "पट्ट्यामागे उभा राहून घे."

"पेला राहू द्या. दोन वेळा ती एकटी गेली. डॉक्टरीणबाई विचारतात, औषधाचा त्रास नाही ना? ही म्हणते, हो. अभ्यास जमतो? हो. झालं, डोस वाढवला! औषध घेतलं की घरी उभ्या उभ्या कोसळते हो पोरगी. आज आणखी वाढवतील."

"मग चिठ्ठी द्यायची लिहून."

"दिली होती. तिच्या खिशातच परत आली."

"तोंड आहे ना तिला?"

"घाबरली की ती कशालाही हो म्हणते."

"बापावर गेली. बायकोपुढे तुझं दुसरं काय असतं?"

रांगेतल्या बाया हसल्या. देर्लिस हसला नाही. "नियम कुठे लिहिलाय, दाखवा."

"लिहायचा कशाला? रंगवलाय की!" एलिहिओने माझ्यावर बूट आपटला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या भिंतीवर एक छापील कागद आहे: तपासणीच्या वेळी मुलाजवळ राहण्याचा आई-वडिलांना हक्क आहे. त्यावर कोणीतरी फुटबॉलच्या सामन्यांचं वेळापत्रक चिकटवलंय. मला तो कागद तोंडपाठ, आणि तोंडच नाही.

"तिलाच विचारा," देर्लिस म्हणाला. "काय हवं ते विचारा."

एलिहिओ गुडघ्यावर हात टेकत खाली बसला. "नोएमी, एकटी जाशील ना आत?"

"हो."

"बघ! ऐकलंस?"

"अजून विचारा."

"शाळेत जातेस?"

"हो."

एलिहिओने डोकं खाजवलं. "बरं... तू माझी आजी आहेस?"

"हो."

मागे कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. नोएमीने बापाच्या विजारीची शिवण मुठीत घट्ट धरली होती.

"औषधाने बरं वाटतं?"

"हो."

"त्रास होतो?"

"हो."

एलिहिओ बराच वेळ उठलाच नाही. इतकी वर्षं त्याने एकेकटी आत धाडलेली पोरं त्याला आठवत असावीत. निदान मला तरी आठवत होती. मग त्याने नोएमीचा हात धरला आणि पहिला बूट स्वतःचाच पलीकडे टाकला.

"नोकरी गेली तर बोटीवर घेशील ना रे मला?"

"पोहता येतं का, काका?"

"हो," एलिहिओ म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की कोणाचा विश्वास बसला नाही.

दार उघडून नर्सने डोकं बाहेर काढलं. "एलिहिओ, हे काय? मोठ्यांनी पट्ट्यामागे!"

"वडील आहेत, बाई. हिच्या बाजूने बोलणारं माणूस आत हवं."

बाप-लेक आत गेले, दार लागलं. मी जमिनीला चिकटलेला. मला आतलं दिसत नाही. काही वेळाने डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "कोसळते? मला कोणी सांगितलंच नाही."

"मी बाहेर होतो, बाई," देर्लिस म्हणाला.

मग कागद फाडल्याचा आवाज.

नोएमीचा डोस कमी झाला. जूनमध्ये आली तेव्हा ती बापाच्या पुढे धावत होती. एलिहिओची नोकरी टिकली. आता तो कोणाला अडवत नाही, उलट आत ढकलतो. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. आणखी किती पोरांनी त्या खोलीत नुसतं "हो" म्हटलं असेल? त्यांचं पुढे काय झालं? बाहेर जाताना मला पाय दिसतात. बाकीचं कोण सांगणार?

आणि लोक अजूनही थांबतात. कालच एक आई मुलाला घेऊन आली. "जा की आत, बाई," एलिहिओ म्हणाला. तिने माझ्याकडे पाहिलं, झगा सावरला आणि मला चुकवून भलं मोठं पाऊल टाकलं, जणू मी वाहतं पाणी होतो. सगळे असंच करतात. म्हणून तर माझा रंग अजून शाबूत आहे.

माझं एवढंच मागणं आहे. पोराचा हात धरा आणि मला चुकवून ओलांडू नका. माझ्यावर पाय द्या, चांगला दाबून द्या. रोज थोडा थोडा मला चपलांना लावून आत घेऊन जा.