तळ्याकाठचे बूट

बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत घामाच्या धारा. जपानमधल्या सापोरोच्या त्या सार्वजनिक काचघरात ऐन फेब्रुवारीत केळी घड मिरवत उभ्या होत्या. किनुयोने नवऱ्याला अक्षरशः ओढत इथे आणलं होतं. चाळीस वर्षं चालवलेलं सलून बंद केल्यापासून तात्सुझो घराबाहेर पडला नव्हता. धड जेवण नाही, बोलणं नाही. "लक्ष ठेवा हो," असं शेजारीण म्हणाली, तेव्हापासून किनुयोच्या जिवाला घोर लागला होता.

त्याला कमळांच्या तळ्याशी बाकावर बसवून ती मशीनमधून गरम चहाचे कॅन आणायला गेली. परतली तर बाक रिकामा आणि तळ्याच्या कठड्यापाशी त्याचे बूट, जोडीने नीट लावलेले.

जीव द्यायला निघालेला माणूस आधी बूट काढून असेच जोडून ठेवतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. किनुयोच्या हातून कॅन गळाले. मागचा-पुढचा विचार न करता ती कठडा ओलांडून तळ्यात उतरली. पाणी जेमतेम गुडघ्याला लागलं, तरी बाई कमळाची पानं दूर सारून शोधतच होती.

"अगं, काय हरवलं तुझं?"

तात्सुझो केळीमागून येत होता. अनवाणी, हातात मोजे.

"कुठे होतात?"

"बर्फाने मोजे भिजले होते. तिकडच्या गरम पाइपवर वाळवत होतो."

"आणि बूट असे ठेवतात होय?"

"मग कसे ठेवू? चाळीस वर्षं तूच तर कानीकपाळी ओरडतेस, नीट लावा, नीट लावा!"

"आता फेकायचे! घरातसुद्धा फेकायचे!"

त्याने बुटांकडे पाहिलं, तिच्या भिजलेल्या स्कर्टकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो कठड्यावर, पाण्याकडे पाय सोडून बसला.

"खोटं नाही सांगत. गेल्या महिन्यात आलं होतं मनात," तो म्हणाला. "आज नव्हतं. आज नुसते पाय गारठले होते."

किनुयोने तळ्यातूनच त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले. चांगले ऊबदार होते.

"परत मनात आलं तर मला हाक मारायची. कळलं?"

"मारीन."

तेवढं ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळं रडू आलं.