मूठभर कणीक

उर्मिलानं पोरीला मारलं ते एका बिस्किटापायी, असं सगळी गल्ली म्हणते. म्हणू दे. गल्लीला तेव्हा अर्धंच ठाऊक होतं, आणि ते अर्धंच ठाऊक राहावं याची तजवीज उर्मिला आणि गजेंद्र या नवराबायकोनंच करून ठेवली होती.

गजेंद्र पांढुर्ण्यात तहसिलीत बाबू. उर्मिला तिगावच्या शाळेत मास्तरीण. ती सकाळी सातलाच घर सोडायची, म्हणून स्वैपाक सासूच्या, शकुबाईंच्या हाती. आणि अकरा वर्षांची लेक धनश्री. हातपाय काड्या, पोट नगारा, कंगव्यात केसांचे पुंजके. जुलाब तर पाचवीलाच पुजलेले. जंत झाले, कावीळ झाली, नजर उतरवून झाली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासून नाव सांगितलं, सिलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लुटेननं पोरीचं आतडं आतून सोलवटून निघत होतं. गहू, रवा, मैदा, बिस्कीट सगळं बंद. कणभरही नको, आणि जन्मभर नको. दुसरं औषध नाही.

परतीच्या बसमध्ये गजेंद्र म्हणाला, "घरी जन्मभर म्हणू नको. पोरीची जात आहे. उद्या सोयरीक पाहाले गेलो तं पार रामाकोन्याच्या सोयऱ्याईपर्यंत बोभाटा होईन, का पोट्टी रोगी आहे."

उर्मिलाला ते पटलं. आता लपवून काय उपयोग, पटलंच. घरी तिनं सांगितलं, "गॅसचा त्रास आहे. थोडे दिवस पोळी बंद, भाकर द्या." अळीमिळी गुपचिळी. शकुबाईंनी मान डोलावली आणि नातीसाठी रोज वेगळी भाकर टाकायला लागल्या.

वर्ष गेलं. वजन अर्धा किलो वाढलं, उंची जिथल्या तिथे. नागपूरला पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा तस्साच. डॉक्टर म्हणाले, "बाई, ही कुठेतरी गहू खाते आहे. शोधा."

उर्मिलानं शोधलं. दप्तर पालथं केलं, तर तळाशी बिस्किटाचा रिकामा कागद. धनू म्हणाली, "माह्या नोहे, वर्गातल्या प्राजक्तानं टाकला." उर्मिलानं लाकडी पट्टी उचलली. पहिल्या पट्टीला पोरगी नाही म्हणाली, दुसऱ्या पट्टीला नाही म्हणाली. पाचव्या पट्टीला म्हणाली, "हो, खाल्लं." आणि उर्मिलाला, देवा रे, हायसं वाटलं. चोर सापडला होता.

मग प्राजक्ताशी बोलणं बंद, कुणाच्या डब्याला हात लावणं बंद. पोरगी शाळेतून यायची, भाकर खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. जुलाब काही थांबले नाहीत. दसऱ्याच्या आधी ती शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच कोसळली.

दिवाळीच्या सुट्टीत उर्मिला बऱ्याच दिवसांनी सकाळची स्वैपाकघरात बसली होती. शकुबाईंनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. मग दुसऱ्या डब्यात हात घालून मूठभर कणीक त्यावर टाकली.

"आत्याबाई, हे काय करून राहिल्या?"

"अवं, पिठाले विरी नाई राह्यली. थापली का चिरते भाकर. मूठभर कणकीनं कशी धरून राह्यते पाय."

"कधीपासून टाकता?"

"पह्यलेपासून. लेकराले फाटकी भाकर काऊन देऊ मी?"

"गहू बंद सांगतला होता ना तुम्हाले!"

"पोळी बंद सांगतली होती तू. गॅससाठी. मूठभरानं का गॅस होते?"

म्हातारी शब्दाशब्दानं खरं बोलत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं, आणि चोर म्हणावं तर तोही माया करत होता. मग तिनं सगळं सांगितलं, रोगाचं नाव, आतडं, जन्मभर. दोन मिनिटं लागली. वर्षभर जे जमलं नाही त्याला दोन मिनिटं लागली.

शकुबाई खाली बसल्या. तव्यावरची भाकर जळत होती, ती कुणी उतरवली नाही.

"मास्तरीण ना वं तू?" त्या म्हणाल्या. "लोकाईच्या पोराईले शिकवतं. मले एवढं सांगाले का झालं होतं तुले?" त्यानंतर त्यांनी पिठाला हात लावला नाही.

आता उर्मिला कुणालाही त्या रोगाचं नाव सांगते. शाळेत, हळदीकुंकवात, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलाही. बाया ऐकतात, हळहळतात. सोयरिकीचं गजेंद्र आता काढत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की आतडं भरेल, पण वाढीचं वर्ष वाया गेलं, ती उंची पुरती भरून निघेल याची खात्री नाही.

भाकर जळाली त्या दिवशी उर्मिला धनूजवळ जाऊन बसली होती. "तू बिस्कीट खाल्लंच नव्हतं ना?"

"नाही."

"मग हो काऊन म्हणाली?"

"पट्टी थांबून नव्हती राहिली."

उर्मिलानं स्वतःच्या हातानं निव्वळ ज्वारीची भाकर केली. कडा फाटल्या, मधून चिरली, पण गव्हाचा कण नव्हता तिच्यात. ताट पुढे ठेवलं. धनूनं तुकडा मोडला, हुंगला, परत ठेवला.

"मी भात खाईन," ती म्हणाली. "भात माह्यासमोर शिजला."

तेव्हापासून पोरगी स्वैपाकघराच्या दारात बसते आणि आईच्या हातांवरून नजर काढत नाही.