फवाऱ्यातलं इंद्रधनुष्य

त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात दानम्माच्या पेठेत दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, आणि तोही आधी बाबांच्या मैदानात थांबायचा. बाबा कुठून आले ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी पाचला त्यांच्या मस्तकामागे इंद्रधनुष्य उमटतं, एवढं मात्र सोलापूरभर पसरलं होतं. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दानम्माला ते ऐकूनच शिसारी यायची. पण सासू मल्लव्वा चार दिवस मागे लागली, तेव्हा ती गेली.

मैदानात शिरताच कुजक्या हारांचा वास नाकात भरला. पायाखाली चिखल होता. घरात अंघोळीच्या पाण्यानं फरशी पुसायचे दिवस, आणि इथं चिखल! पूर्वेच्या टोकाला चौथऱ्यावर बाबा बसलेले, त्यांच्या मागे भगवं कापड ताणलेलं. पाच वाजता त्यांनी हात वर केले. कापडामागून पाण्याचा बारीक धुरळा उडाला आणि त्यात कमान उमटली, बाहेरून तांबडी, आतून जांभळी. माणसं चिखलात आडवी झाली. वाऱ्यानं तुषार तोंडावर आले तसे लोक ओठ चाटू लागले, पोरांच्या डोळ्यांना लावू लागले. मल्लव्वानंही जिभेवर घेतलं.

दानम्मानं वळून पाहिलं. सूर्य बरोबर पाठीमागे, खाली उतरलेला.

"अव्वा, हे भर दुपारी का करत नाहीत? सूर्य डोक्यावर असला की दिसत नाही म्हणून. तो पाठीशी असावा लागतो, खाली आलेला, आणि समोर पाण्याचे थेंब. ऊन थेंबात शिरतं, आतून परततं आणि रंग वेगळे होऊन बाहेर पडतात. बाबा नसले तरी दिसेल."

"हळू बोल की."

"दोन पावलं डावीकडं या."

दोघी सरकल्या. कमानही सरकली. बाबांचं डोकं सोडून ती कर्ण्याच्या खांबावर जाऊन बसली. मल्लव्वा बघत राहिली, मग तिनं हात जोडले.

"माज्यासंगं आला की गं देव."

तेवढ्यात एका सेवेकऱ्यानं दानम्माचा दंड धरला. "बाई, श्रद्धा नसंल तर बाहेर व्हा," म्हणत त्यानं तिला बाजूच्या वाटेनं हाकललं. मल्लव्वा खाली मान घालून मागून आली.

ती वाट कापडाच्या मागून जात होती. तिथं बाकावर उभे राहून दोन गडी पाठीवरच्या फवारणीच्या पंपाचे दांडे हलवत होते. पंपांचा उग्र वास आला तशी मल्लव्वा थबकली. मैंदर्गीला भावाच्या शिवारात हा वास आला, की ती गुरं लांब नेऊन बांधायची.

"ह्या पंपानं काय मारत हुतास रं?"

"अळीचं औषध, आज्जी. पर धुतलाय की."

"कशानं धुतलास? धुवायला पानी कुटं हाय?"

गडी दांडा हलवत राहिला.

मल्लव्वानं पदरानं जीभ पुसली, पुन्हा पुसली. मग गटारीच्या कडेला बसून तिला भडाभडा ओकारी झाली. दानम्मानं तिचं कपाळ धरलं. ओल्या विभूतीचा चिकट लगदा तिच्या बोटांना लागला. चूळ भरायला दोघींकडे घोटभर पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मल्लव्वा मैदानाच्या तोंडाशी उभी राहिली. दर्शन घेऊन येणाऱ्या बाईला अडवून ती एवढंच म्हणायची, "पदराचा वास घे." शेतावरून शहरात आलेल्या बायकांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. दानम्मा शेजारी उभी राहून सूर्याचं, थेंबांचं समजावत होती. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे बाबांनी चंबूगबाळं आवरलं. बार्शीकडे गेले, असं कुणी म्हणालं.

मल्लव्वाचं ते लुगडं धुवायला पुढं पंधरा दिवस पाणी मिळालं नाही. ते मागच्या दाराच्या खुंटीला लटकत होतं. येता-जाता दानम्मा श्वास रोखून धरायची.