वाकड्याचा माग

गल्लीत तिला सगळे काचवाली म्हणायचे. खिडक्यांच्या, तसबिरींच्या, आरशांच्या काचा कापून देणारं तिचं छोटं दुकान होतं. नवरा गेल्यावर ते तिनं एकटीनं चालवलं, मुलाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. या सगळ्या रगाड्यात एक गोष्ट तिनं कधी सोडली नाही. त्या मुलखात परवाना काढून हरणाची शिकार करता यायची. थंडीच्या तोंडावर शिकारीचा हंगाम उघडला, की वडिलांची रायफल खांद्याला लावून ती धाकट्या भावाबरोबर रानात जायची. वर्षाला एक हरीण मिळालं की बास. मांस डीप फ्रिजमध्ये भरलं की पुढचे कितीतरी महिने घरात विकतचं मटण येत नसे.

आणि अशा घरात सून आली ती जनावरांची डॉक्टर. गल्लीतल्या लोकांना तेवढंच निमित्त. "त्या घरी जाणाऱ्या जनावरानं आधी विचारून घ्यावं," ते म्हणायचे, "आज ड्युटी सासूची आहे की सुनेची."

दोघींचं तसं बरं जमायचं. सून ते मांस खात नसे, सासू आग्रह करत नसे. विषय मात्र अधूनमधून निघायचाच, कारण काचवालीचं रानाचं वेड नुसतं बंदुकीपुरतं नव्हतं. हंगाम नसतानाही सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन ती टेकडीवर जाऊन पडायची. एका नरावर तिचा विशेष जीव होता. त्याचं डावं शिंग कानाजवळून बाहेर वाकलं होतं, म्हणून तिनं त्याचं नाव वाकड्या ठेवलं होतं. तो पाणी कुठे पितो, ऊन कुठल्या उतारावर खातो, सगळं तिला पाठ. उन्हाळ्यात एकदा ती सुनेलाही घेऊन गेली होती. दोघी गवतात पालथ्या पडून कितीतरी वेळ त्याला बघत होत्या.

"आई, एवढा आवडतो तर मारायचा कशाला?" सुनेनं तेव्हाच विचारलं होतं.

"आवडतो म्हणून बघते. खायचं म्हणून मारते. दोन्ही खरं आहे."

"दोन्ही तुमच्या बाजूनं खरं. त्याला कोणी विचारलंय?"

काचवालीनं हसून दुर्बीण तिच्या हातात दिली होती.

त्या वर्षी हंगाम उघडल्यावर पहिल्याच रविवारी बहीण-भाऊ रानात गेले. गवतावर दव गोठलं होतं. ओढ्यापलीकडे झाडीतून वाकड्या बाहेर आला आणि उघड्यावर उभा राहिला. इतक्या वर्षांत तो एवढ्या जवळून कधी मिळाला नव्हता. काचवालीनं रायफल टेकवली, श्वास सोडला. तेवढ्यात त्याला काहीतरी चाहूल लागली आणि तो वळायला लागला.

"ताई, मार! परत नाही मिळायचा," भाऊ कानाशी कुजबुजला.

वळतं जनावर मारायचं नाही, हे तिला वडिलांनी सगळ्यात आधी शिकवलं होतं. तिला ते त्या क्षणीही आठवत होतं. तरी तिनं चाप ओढला.

वाकड्या पुढच्या पायावर कोलमडला, उठला आणि तीन पायांवर झाडीत शिरला.

"पायाला लागली," भाऊ म्हणाला. "गेला तो. कोल्ह्यांची चंगळ. चल, पलीकडच्या उतारावर बघू, दिवस अजून सगळा पडलाय."

"मी त्याच्या मागे जाणार."

"अगं, तीन पायांवरसुद्धा तो तुझ्यामाझ्या हाती लागायचा नाही. उगाच दिवस फुकट घालवशील."

"मग तू जा त्या उतारावर."

भाऊ थोडा वेळ घुटमळला, मग खरंच गेला. तिला त्याचा राग आला नाही. राग यायला तिच्याजवळ जागाच उरली नव्हती, सगळी स्वतःसाठीच लागत होती.

वाकड्या जिथे कोलमडला होता तिथे ती जाऊन बसली. गवतावर रक्त होतं आणि रक्तात हाडाचा एक कपचा. जखमी जनावराच्या मागे लगेच लागलं तर ते छाती फुटेपर्यंत पळतं. त्याला कुठेतरी टेकू द्यावं लागतं. तेवढ्या वेळात ती तो कपचा रुमालात गुंडाळून घरी आली. घर रानाच्या कडेलाच होतं.

सून ओट्याशी चहा करत होती. मुलगा कामासाठी बाहेरगावी गेलेला. काचवालीनं टेबलावर रुमाल उलगडला.

"हे कुठलं हाड आहे?"

सुनेनं गॅस बंद केला, हात पुसले, कपचा बोटांत धरून खिडकीशी नेला. "पुढच्या पायाचं. गुडघ्याच्या खालचं." मग तिनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं. "कोणाचं?"

"वाकड्याचं."

सुनेनं कपचा परत रुमालावर ठेवला. चार शब्द सुनावले असते तर काचवालीला बरं वाटलं असतं.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

"मी मारायला येणार नाही, आई."

"मारायला नाही बोलवत. मला जखमा करता येतात, त्यातलं कळत नाही. तुला कळतं."

सुनेनं बूट चढवले.

ओढ्यापर्यंत माग सोपा होता. पुढे पाण्यात तो तुटला. काचवाली गुडघाभर गार पाण्यातून दोन्ही काठ धुंडाळत गेली. सून म्हणाली, पाय बधिर होतील, बाहेर या. ती म्हणाली, होऊ देत. शेवटी लव्हाळ्याच्या एका पात्यावर सुनेलाच वाळत आलेला लाल थेंब दिसला. तिथून पुढे दोघी जवळजवळ रांगतच गेल्या. रक्त कमी कमी होत गेलं, मग नुसते खुरांचे ठसे, आणि त्यांच्या शेजारी एक खूर ओढल्याची रेघ.

माग जुन्या वीटभट्टीत शिरला. भट्टी कधीची बंद पडली होती. धुराडं अर्धं कोसळलेलं, आवारात कमरेएवढी काटेरी झुडपं माजलेली. शेडच्या पडक्या भिंतीच्या आडोशाला उन्हाचा एक पट्टा आला होता आणि त्यात वाकड्या बसला होता. तुटका पाय बाजूला पसरलेला. वारा त्याच्याकडून यांच्याकडे येत होता, त्यामुळे त्याला चाहूल नव्हती.

काचवाली विटांच्या ढिगाऱ्यामागे आडवी झाली. रायफल टेकवली. या वेळी तो वळत नव्हता, हलत नव्हता. मानेचा नेम असा होता की डोळे मिटूनही चुकला नसता.

"थांबा," सून कुजबुजली.

"थांबून काय करू? जखमी करून सोडायचं नसतं. तेवढं तरी मी त्याचं देणं लागते."

"तो रवंथ करतोय, बघा."

काचवालीनं दुर्बिणीतून पाहिलं. खरंच, जबडा सावकाश फिरत होता.

"मरणाच्या वाटेवरचं जनावर रवंथ करत नाही," सून म्हणाली. "रक्त थांबलंय. खालचा भाग झडून जाईल किंवा वेडावाकडा जुळून येईल. तीन पायांवर जगलेली हरणं मी पाहिली आहेत. मेलेलीही पाहिली आहेत. खोटं नाही सांगत."

"त्याला बेशुद्ध करून पाय बांधता येणार नाही?"

"रानातलं जनावर आहे. धरलं तर धास्तीनंच मरेल."

"मग हिवाळाभर त्यानं असं खुरडत राहायचं? कुत्री आहेत, थंडी आहे. त्यापेक्षा एक गोळी बरी. त्याला कळणारसुद्धा नाही."

"त्याला नाही कळणार. सुटाल तुम्ही." सुनेचा आवाज अगदी बारीक होता, पण कापत नव्हता. "आई, दुःख कोणाचं संपवायचंय? त्याचं की तुमचं?"

काचवालीचं बोट चापावर होतं. घरी जाऊन काय सांगायचं ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. जखमी झाला होता, दिवसभर माग काढला, सोडवला बिचाऱ्याला. ऐकणारे माना डोलावतील. म्हणतील, शिकारी असावा तर असा. आणि सकाळी घाईनं मारलेली ती एक गोळी सगळे विसरून जातील, हळूहळू तीही विसरेल. हे सगळं किती सोपं होतं, ते दिसल्यावर तिला स्वतःची शिसारी आली.

तिनं बोट काढून घेतलं. रायफल खाली केली.

दोघी परत ओढ्यापाशी आल्या. मग काचवाली म्हणाली, "रोज येणार मी. लांबून बघेन. जखम चिघळली, उठेनासा झाला, तर त्या दिवशी मारणार. तेव्हा मला अडवायचं नाही."

"नाही अडवणार," सून म्हणाली. "तेव्हा मीच सांगेन तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी काचवालीनं शिकारीचा परवाना जंगलखात्यात नेऊन दिला. तिथला कारकून म्हणाला, "बाई, अजून हरीण मारलं नाहीत ना? मग परत कशाला देता?" ती म्हणाली, "माझं यंदाचं झालं. एक जखमी केलंय, त्याला सोडवायची वेळ आली तर कळवेन, पण दुसरं मारणार नाही." भावाला हे कळलं तेव्हा तो दुकानात येऊन तावातावानं भांडला. मांस नाही, हंगाम फुकट, लोक हसतात. "हरणाची आया झालीयेस तू," तो म्हणाला. ती काचेवर कापायची हिरकणी ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

रोज दुपारी दुकानाला कुलूप घालून ती वीटभट्टीकडे जायची. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, काहींनी दुसरं दुकान धरलं. ती विटांच्या ढिगाऱ्यामागे बसून दुर्बीण लावायची. जवळ जात नसे, खायला टाकत नसे. सुनेनं बजावलं होतं, माणसाची सवय लागली तर पुढच्या हंगामात तो कोणाच्याही बंदुकीसमोर जाऊन उभा राहील. कळप निघून गेला होता. वाकड्या एकटाच झुडपांची पानं ओरबाडायचा, काही दिवस उठायचा, काही दिवस बसूनच असायचा. एकदा मोकाट कुत्र्यांची टोळी वास काढत भट्टीत शिरली. तेव्हा मात्र ती आडोसा सोडून धावत सुटली, हवेत बार काढला, विटा फेकल्या, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. कुत्री पळाली. वाकड्या तिच्याकडे बघत होता. भीतीनं त्याचे डोळे पांढरे झाले होते. त्याच्या लेखी कुत्री काय आणि ती काय, सारखीच. तिला ते लागलं, आणि ते बरोबरच आहे असंही वाटलं.

थंडीचा कडाका वाढला तसा तो आटत गेला. बरगड्या मोजता येतील असा झाला. एका सकाळी सून ड्युटीवर जाण्याआधी तिच्याबरोबर आली आणि बराच वेळ दुर्बीण डोळ्यांना लावून बसली.

"आई," ती म्हणाली, "वेळ आली असं वाटतंय मला."

एवढं बोलताना तिचे ओठ पांढरे पडले होते, पण तिनं दिलेला शब्द पाळला. काचवालीनं रायफल उचलली. नेम धरला. सुनेनं तोंड फिरवलं नाही.

वाकड्यानं मान वर केली. पुढचा धड पाय रोवला, मागचे दोन आखडले, एकदा पडला, दुसऱ्यांदा पडला. मग उठला. लटपटत भिंतीपलीकडच्या झाडापाशी गेला आणि साल कुरतडायला लागला.

"थांबते," काचवाली म्हणाली. "आज नाही."

"त्रास होतोय त्याला."

"होतोय. पण तो खातोय. त्यानं सोडलेलं नाही, मी कशी सोडू?"

सुनेनं डोळे पुसले. कामावर जायला उशीर झाला होता, तरी ती आणखी थोडा वेळ बसली.

थंडी ओसरली आणि एक दिवस वाकड्या भट्टीत नव्हता. आजूबाजूला मेलेलं काही सापडलं नाही. कितीतरी दिवस शोधून दोघी एका सकाळी टेकडीवर गेल्या तेव्हा खालच्या उतारावर कळप चरत होता. नरांची शिंगं दरवर्षीसारखी गळून गेली होती, त्यामुळे काचवालीला आधी ओळखू येईना. मग कळप पुढे सरकला, आणि एकजण मागून उड्या घेत, तीन पायांवर, आपल्याच तालात निघाला. चौथा पाय आखडलेला, खाली न टेकणारा. पण अंगावर मांस आलं होतं.

काचवाली गवतात तोंड खुपसून रडली. सुनेनं तिच्या पाठीवर हात ठेवला. रडणं ओसरल्यावर सून म्हणाली, "तो जगला म्हणून तुमची ती गोळी बरोबर ठरत नाही हं."

"माहीत आहे."

"पुढच्या हंगामात जाणार?"

"जाणार."

सून उठून बसली. "याच्यानंतरही?"

"याच्यानंतर. मांस खाणार आहे तर मारणं दुसऱ्यावर ढकलणार नाही. पण आता दर रविवारी नेमबाजीच्या मैदानावर जाईन. हात पक्का झाला असं मला वाटेपर्यंत रानात बंदूक नेणार नाही, मग हंगाम गेला तरी चालेल. आणि तुझ्या मामेसासऱ्यांना सांगून टाकणार आहे. माझ्याबरोबर यायचं तर जखमी जनावर सोडून दुसऱ्या उतारावर जायचं नाही. पटत असेल तर यावं, नाहीतर घरी बसावं."

"मला नाही पटत, आई. मामांचं सोडा, तुमचं मारायला जाणंच नाही पटत."

"तुला पटावं म्हणून मी करत नाही. पण तू विचारत राहा."

दोघी टेकडी उतरू लागल्या. सून पुढे होती. वाटेत एके ठिकाणी ती थांबली आणि मागे न वळताच म्हणाली, "तुमचं त्याच्यावर प्रेम नाही, असं मी पूर्वी मनात म्हणायचे. आता नाही म्हणता येत. एवढं कळल्यावर माझा प्रश्न सुटला असता तर बरं झालं असतं. उलट जास्तच अवघड झालाय."

"माझाही," काचवाली म्हणाली.

दुकानापाशी पोचल्या तेव्हा एक गिऱ्हाईक फुटलेल्या खिडकीचं माप घेऊन दारात ताटकळत होतं. काचवालीनं कुलूप काढलं, मांडणीतली एक मोठी काच टेबलावर आडवी केली, आणि त्याला म्हणाली, "माप एकदा परत सांगा. घाई नाही मला."